बोर्डाच्या कोपऱ्यातला आकडा

दहावी-बारावीचे निकाल लागले की शिराळ्यातल्या सेवा केंद्रांवर उत्पन्नाचे, जातीचे, रहिवासाचे दाखले काढायला झुंबड उडते. नेमका त्याच दिवसांत संगणक सुरू होईनासा झाला, तर दुरुस्तीवाला येतो, रॅम काढून पुसून पुन्हा बसवतो, दुसरा पॉवर सप्लाय लावून बघतो आणि सांगतो, "बोर्ड गेला." सात-आठ वर्षं जुन्या प्रोसेसरला चालणारा मदरबोर्ड तालुक्याच्या गावी मिळेल याची खात्री नसते आणि सांगली-कोल्हापूर करायचं तर दिवस मोडतो. मग मोबाइलवर जुन्या बोर्डाचं नाव टाकायचं. तेच नाव, तोच फोटो समोर येतो, ऑर्डर जाते आणि चार दिवसांत खोकं हातात पडतं. खोक्यावर नाव तेच असतं. आतला बोर्डही तोच असेल, असं मात्र नाही.

फरक कळतो तो एका बारीक आकड्यावरून. गिगाबाइटच्या बोर्डावर कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत 'रेव्ह' आणि पुढं १.०, १.१, २.० असं काही छापलेलं असतं. एमएसआय 'एमएस'नं सुरू होणाऱ्या सांकेतिक क्रमांकाशेजारी 'व्हर' लिहून आकडा देते, असूस बोर्डाच्या नावाजवळ. हाच रिव्हिजन क्रमांक. बोर्डाचं नाव हा गट नंबर धरला, तर रिव्हिजन हा पोटहिस्सा. उताऱ्यावरचा पोटहिस्सा न बघता कुणी जमिनीचा इसार देत नाही. गिगाबाइटच्या संकेतस्थळावरही एकाच नावाच्या बोर्डाच्या रिव्हिजनप्रमाणे वेगळी पानं असतात. बायोस, म्हणजे बोर्ड सुरू करणारा प्रोग्रॅम, वेगळा, चालणाऱ्या प्रोसेसरांची यादीही वेगळी. विक्रीच्या संकेतस्थळांवर मात्र बहुतेक वेळा नुसतं नाव.

रिव्हिजन बदलण्यात मुळात काही गैर नाही. एखादी चिप बाजारातून नाहीशी होते, एखादी स्वस्त मिळते, कधी आराखड्यात चूक सापडते. चूक सापडल्यावर काय होतं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०११ सालचं आहे. त्या जानेवारीत इंटेलनं 'सँडी ब्रिज' प्रोसेसर आणि त्यांच्यासाठी पी६७, एच६७ हे चिपसेट बाजारात आणले. महिना संपायच्या आत, ३१ जानेवारीला, कंपनीनं चिपसेटमध्ये दोष असल्याचं जाहीर करून पुरवठा थांबवला.

दोष होता एका ट्रान्झिस्टरचा. ट्रान्झिस्टरच्या गेटखाली ऑक्साइडचा अतिशय पातळ, वीज अडवणारा थर असतो. हार्ड डिस्कच्या सेकंदाला ३ गिगाबिट वेगाच्या जोडण्यांना ताल देणाऱ्या घड्याळाच्या परिपथात एका ट्रान्झिस्टरचा हा थर पातळ होता आणि त्याच्यावर येणारा व्होल्टेज त्या मानानं जास्त. थरातून वीज झिरपायची आणि काळ जाईल तशी ही गळती वाढायची. नवा बोर्ड पहिल्या दिवशी झकास चाले. मग कधीतरी डिस्कवरून माहिती वाचताना चुका होऊ लागत आणि शेवटी डिस्क दिसेनाशीच होई. गंमत म्हणजे या ट्रान्झिस्टरची तिथं गरजच नव्हती, तो आधीच्या आराखड्यातून मागं राहिला होता. दुरुस्ती म्हणून चिपमधल्या धातूच्या थरात बदल करून त्याची वीज तोडली, एवढंच. दुरुस्ती आणि बदली यांवर सुमारे ७० कोटी डॉलर खर्च येईल असा इंटेलचा अंदाज होता, शिवाय ३० कोटी डॉलरचा धंदा बुडणार होता तो वेगळाच.

दोष असलेल्या चिपचं 'स्टेपिंग', म्हणजे सिलिकॉनची आवृत्ती, होती बी२. सुधारलेली बी३. आणि आता बोर्ड कंपन्यांनी काय केलं बघा. गिगाबाइटनं बोर्डाच्या नावालाच 'बी३' हे शेपूट जोडलं. असूसनं पी८पी६७ या बोर्डाच्या नावापुढं 'रेव्ह ३.०' लावलं. गिऱ्हाइकाला दुरूनही कळावं अशी सोय झाली. सांगायचं मनात असलं की सांगता येतं, ते असं. बोर्डावरचा भाग स्वस्तातला लावला जातो तेव्हा मात्र तोच आकडा कोपऱ्यात अंग चोरून बसतो.

स्वस्ताईचा फटका कुठं बसतो, ते प्रोसेसरशेजारच्या वीजपुरवठ्यात पाहावं. पॉवर सप्लायमधून १२ व्होल्ट येतात, प्रोसेसरला लागतात साधारण १.२. हा उतार करायला मॉसफेट नावाचे स्विच सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतात. ६५ वॅटचा प्रोसेसर १.२ व्होल्टवर सुमारे ५४ अँपिअर ओढतो. इतका प्रवाह एका वाटेनं नेणं परवडत नाही, म्हणून तो फेजांमध्ये, म्हणजे समांतर वाटांमध्ये, वाटतात. चार फेज असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला साडेतेरा अँपिअर येतात, स्वस्तातल्या रिव्हिजनमध्ये तीनच असतील तर अठरा. अठरा हा आकडा फार मोठा वाटत नाही. पण वाहकातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळं प्रत्येक फेजमधली ही उष्णता जवळजवळ पावणेदोनपट होते. मे महिन्यात पत्र्याच्या गाळ्यात हा बोर्ड दिवसभर चालला की तापमान मर्यादेला टेकतं आणि प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. मालकाला एवढंच दिसतं की नवा बोर्ड टाकूनही मशीन रखडतंय.

हे फक्त मदरबोर्डपुरतं नाही. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर लिनक्सवर चाले, म्हणून हौशी लोकांचा लाडका होता. २००५ मध्ये त्याची पाचवी आवृत्ती आली ती मेमरी निम्मी करून आणि लिनक्स काढून. नाव तेच, डबा तसाच. किंग्स्टनच्या व्ही३०० या एसएसडीतही नाव न बदलता आतली फ्लॅश मेमरी संथ प्रकारची आली. जुनी परीक्षणं वाचून घेणारे दोन्हीकडं फसले.

रास्पबेरी पाय ४ ची कथा उलट्या दिशेची आहे. तिथं पहिली आवृत्तीच अधू होती. जून २०१९ मध्ये आलेल्या या छोट्या संगणकाच्या यूएसबी-सी जोडणीत दोन सीसी पिनांना ५.१ किलोओहमचा एकेक स्वतंत्र रेझिस्टर हवा होता. आराखड्यात दोन्ही पिना जोडून एकच रेझिस्टर लावला गेला. साधी केबल लावली तर काहीच बिघडत नसे. पण आत ओळखचिप असलेली महागडी केबल लावली की चार्जरला समोर ऑडिओ अ‍ॅडॉप्टर आहे असं वाटे आणि तो वीजच देत नसे. म्हणजे चांगल्या केबलवर चालत नाही आणि स्वस्त केबलवर चालतं! १.२ या रिव्हिजनमध्ये रेझिस्टर वेगळे झाले. नाव तेच राहिलं.

नेमका बोर्ड न ओळखता बायोस बदलायला जाणं हा यातला सगळ्यात घातक प्रकार. बोर्डावरच्या नेटवर्कच्या, आवाजाच्या, पंखे सांभाळणाऱ्या चिपा रिव्हिजनप्रमाणे निराळ्या असू शकतात. चुकीची फाइल पुष्कळदा नाकारली जाते, पण नाकारली गेली नाही तर बोर्ड उठेनासा होऊ शकतो. सुरू असलेल्या संगणकावर सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम किंवा विंडोजमधलं 'सिस्टिम इन्फर्मेशन' रिव्हिजन दाखवतं, असं म्हणतात खरं. काही बोर्डांवर तिथं 'एक्स.एक्स' एवढंच दिसतं, कारण कारखान्यात कुणी ती जागा भरलेलीच नसते. त्यापेक्षा संगणकाचं खोकं उघडून टॉर्च मारलेला बरा.

कायद्याची बाजूही थोडी विचित्र आहे. पॅकबंद मालाच्या वैधमापन नियमांनुसार १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन विक्रीत किंमत, उत्पादक वगैरे तपशील पडद्यावर दाखवावे लागतात. उत्पादनाचा महिना आणि वर्ष मात्र त्यातून वगळलं आहे. त्यामागचं कारण समजू शकतं, गोदामातून कोणत्या तारखेचा नग निघेल हे आधी सांगता येत नाही. रिव्हिजनचंही दुखणं तेच. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत जाहिरातीत सांगितलेल्या वैशिष्ट्यांप्रमाणे माल नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यावाच लागतो. पण जाहिरातीत रिव्हिजन लिहिलंच नसेल, तर वेगळं आलं म्हणून भांडायचं कशावर? म्हणून ऑर्डरआधी विक्रेत्याला लेखी विचारावं, 'रिव्हिजन कोणतं पाठवणार?' उत्तर मिळालं तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा. पुढं १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची वेळ आली तर तोच कामाला येतो. आलेला बोर्ड बसवण्याआधी कोपऱ्याचा फोटो काढावा. प्रोसेसर बसवताना सॉकेटची पिन वाकली तर परतीचा विषय बहुधा तिथंच संपतो.

जुन्या बाजारात २०११ चे पी६७, एच६७ बोर्ड अजून अधूनमधून दिसतात. बी३ चा उल्लेख कुठंच नसेल तर किंमत पाडून मागायला हरकत नाही. चिपसेटवरच्या सहापैकी ६ गिगाबिटच्या दोन जोडण्यांना त्या दोषाची बाधा नव्हती; डिस्क त्यांनाच लावावी, बाकीच्या चार मोकळ्या सोडाव्यात.