कोवळी मोसंबी पिवळी पडली : आधी कुदळ, मग खत



मोसंबीची किंवा संत्र्याची बाग लावायची म्हणजे घरातल्या सगळ्यांनी चार-पाच वर्षे कळ काढायची. वीस बाय वीस फुटांवर लावले तर एकरी सुमारे ११० झाडे बसतात. खड्डे, कलमे, ठिबक यांत पैसा जातो आणि पाचव्या वर्षापर्यंत हाती फारसे काही येत नाही. अशा वेळी दुसऱ्या वर्षी बाग पिवळी दिसू लागली की घरात कुणाला झोप लागत नाही. मग जो तो सांगेल ते आपण करतो. एक म्हणतो पाणी वाढवा, दुसरा म्हणतो युरिया टाका, दुकानदार एक बाटली हातात देतो. या तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या, की कशाने बिघडले आणि कशाने सुधारले हे कळायला मार्ग राहत नाही.

पिवळेपणा हा रोग नव्हे, ती खूण आहे. अंगात ताप आहे म्हटल्यावर डॉक्टर आधी तपासतात, मगच औषध देतात. झाडाचेही तसेच आहे. जालना, छत्रपती संभाजीनगरकडची मोसंबी घ्या किंवा नागपूर, अमरावतीकडचे संत्रे घ्या, कोवळ्या झाडाच्या पिवळेपणामागे बहुतेक वेळा दोनच गोष्टी सापडतात. एक म्हणजे मुळाशी चुकलेले पाणी आणि दुसरी म्हणजे जमिनीतली चुनखडी व त्यामुळे चढलेला सामू. या दोन्ही ओळखायला घरातली माणसे, एक कुदळ आणि एक सकाळ पुरते.

आधी बांधावरून पाहा

झाडाजवळ जाण्याआधी बांधावर उभे राहा आणि पिवळी झाडे कुठे आहेत ते पाहा. सखल भागात, ओढ्याच्या अंगाला किंवा पाटाच्या शेवटी ती एकत्र असतील, तर पाणी साचत असल्याचा संशय घ्यावा. जिथे नांगरताना पांढरे खडे वर येतात त्या पट्ट्यात असतील, तर चुनखडीचा संशय घ्यावा. सगळी बाग सारखी फिकट असेल, तर खत कमी पडते आहे किंवा पाण्याची पाळी सगळीकडेच चुकते आहे. इकडे एक, तिकडे एक अशी सुटी झाडे पिवळी असतील, तर त्या त्या झाडाचे खोड, मूळ आणि लागवडीची खोली तपासावी.

एका वहीत बागेचा साधा नकाशा काढून पिवळ्या झाडांवर फुल्या मारा. हे काम शाळेत जाणारी मुले आवडीने करतात. महिन्याने पुन्हा फुल्या मारल्या की त्रास वाढतो आहे की थांबला, ते कागदावरच दिसते.

पान काय सांगते

आता झाडाजवळ या. पहिला प्रश्न हा, की जुनी पाने पिवळी आहेत की नवती?

खालची जुनी पाने शिरांसकट सारखी फिकट पडत असतील, तर नत्राची कमतरता समजावी. जुन्याच पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण राहून बाकीचे पान पिवळे झाले, तर मॅग्नेशियम कमी आहे.

शेंड्याची नवी पाने पिवळी आणि त्यांच्यावर शिरांची हिरवी जाळी स्पष्ट दिसत असेल, तर झाडाला लोह मिळत नाही. नवी पाने लहान, अरुंद, उभी आणि जवळजवळ गुच्छासारखी आली असतील व शिरांमध्ये पिवळे पट्टे असतील, तर जस्त मिळत नाही. चुनखडीच्या जमिनीत ही दोन्ही लक्षणे एकाच झाडावर दिसू शकतात.

याउलट पानाची मधली शीर पिवळी आणि बाकीचे पान त्यामानाने हिरवे असेल, तर खोड किंवा मूळ इजा पावले आहे असे धरून चालावे. अशा झाडाचे खोड जमिनीलगत पाहा. साल काळपट, ओलसर, डिंक ओघळलेला दिसला तर तो डिंक्या आहे. ही बुरशी पाण्यावर पोसते.

एकाच फांदीवर पिवळेपणा आणि पानाच्या दोन अर्ध्या भागांवर वेगवेगळे चट्टे, असे काही दिसले तर प्रकरण पाण्याचे किंवा सामूचे नसेल. सिला किडीमार्फत पसरणारा ग्रीनिंग रोग असा दिसू शकतो. त्या फांदीचा नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठाच्या तज्ज्ञाला दाखवा.

तहान की गुदमर?

दुपारी पाने मलूल झाली की आपला हात मोटारीच्या बटणाकडे जातो. इथेच घोटाळा होतो. तहानलेले झाड दुपारी पाने मिटते, तसेच मुळे गुदमरलेले झाडही मिटते. मुळांना हवा मिळाली नाही की आळ्यात पाणी असूनही ती ते ओढू शकत नाहीत. म्हणून दुपारी निर्णय घेऊ नका. सूर्य उगवताना बागेत जा. त्या वेळी पाने ताजी असतील तर घाई नाही. सकाळीही मलूल असतील तर माती बघा.

खोडापासून दोन हात दूर, पण ओल पोहोचते त्या जागी, वीतभर आणि मग फूटभर खोल खणा. त्या खोलीची मूठभर माती घेऊन दाबा. गोळा झालाच नाही तर माती कोरडी आहे. गोळा झाला, हात गार लागला, पण ओला झाला नाही आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर गोळा फुटला, तर वाफसा आहे. दाबल्यावर तळहात ओला झाला किंवा गोळा पडूनही चपटाच राहिला, तर पाणी जास्त आहे.

त्याच खड्ड्यात मुळी पाहा. निरोगी मुळी पांढरट, पिवळसर आणि चिवट असते. कुजलेल्या मुळीची साल दोन बोटांत धरून ओढली की मोज्यासारखी निघते आणि आत दोऱ्यासारखा गाभा राहतो. मातीला आंबूस वास येत असेल तर मग शंकाच नको.

आपल्या काळ्या भारी जमिनीत हा त्रास का होतो, तेही समजून घ्या. फुगणाऱ्या चिकण मातीतून पाणी हळू झिरपते. अशा जमिनीत खड्डा खणून त्यात शेणखत आणि पोयटा भरला, तर तो पावसाळ्यात हौदासारखा भरतो आणि कलम त्या हौदात उभे राहते. शंका असेल तर बागेच्या कडेला दोन फूट खोल खड्डा घेऊन पाण्याने भरा. ते जिरले की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी याच वेळी पाणी उभे दिसले, तर निचरा वाईट आहे. आणि वीज रात्री येते म्हणून पाणी रोज द्यायचे, हा हिशेब विजेचा झाला, झाडाचा नव्हे.

किती लिटर पाणी द्यावे, असे मला नेहमी विचारतात. जमीन, ऋतू आणि झाडाचे वय यांवर ते ठरते, त्यामुळे एकच आकडा सगळ्यांना लागू पडत नाही. वाफसा येईपर्यंत थांबा आणि वाफसा मोडण्याआधी द्या, हाच नियम.

सामू म्हणजे काय?

माती आंबट आहे की खारी, याचे माप म्हणजे सामू. ७ हा मध्य. त्याखाली आम्ल आणि त्यावर विम्ल. हे माप गजासारखे सरळ नाही. ७ वरून ८ झाले म्हणजे विम्लता दहा पट वाढली. मोसंबी-संत्र्याला ६.५ ते ७.५ सामू मानवतो. सामू चढला की जमिनीत लोह आणि जस्त असूनही ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडते. कोठारात धान्य आहे, पण कुलपाची किल्ली नाही, अशी झाडाची गत होते.

घरी दोन साध्या परीक्षा करता येतात. चिमूटभर कोरड्या मातीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर चुना भरपूर आहे. आले नाहीत म्हणून मात्र चुना अजिबात नाही असे समजू नका. दुसरी परीक्षा अशी, की काचेच्या पेल्यात पावसाचे स्वच्छ पाणी घेऊन त्यात मातीचे एक ढेकूळ अलगद सोडा. ते न ढवळता रात्रभर ठेवा. सकाळीही पाणी दुधाळ, गढूळ असेल तर जमीन चोपण होत असल्याचा संशय घ्यावा.

विहिरीच्या पाण्याची परीक्षा तर स्वयंपाकघरात रोज होत असते. एका वस्तीवर बागेच्या पिवळेपणाबद्दल मालकाशी बोलत होतो. घरातल्या आजी म्हणाल्या, "साहेब, या विहिरीच्या पाण्यात डाळच शिजत नाही, सोडा टाकावा लागतो. हंड्याला पांढरा थर येतो." निम्मे निदान त्यांनीच केले होते. जे पाणी हंड्याला थर देते, ते ठिबकच्या तोट्यांना आणि मुळाभोवतीच्या मातीलाही थर देते. त्यातल्या बायकार्बोनेटमुळे लोह आणखी अडकते. म्हणून मातीबरोबर पाण्याचाही नमुना तपासायला द्या.

नमुना असा घ्या

फळबागेसाठी वरवरची माती पुरत नाही. ० ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंटिमीटर असे तीन थरांचे वेगळे नमुने घ्या. पिवळ्या पट्ट्याचा नमुना वेगळा आणि हिरव्या पट्ट्याचा वेगळा ठेवा. दोन्हींतला फरकच खरे उत्तर देतो. बांध, उकिरडा, विहीर आणि नुकतेच खत दिलेली जागा टाळा. सूक्ष्म अन्नद्रव्ये तपासायची असतील तर लोखंडी खुरपे वापरू नका, बांबूची किंवा लाकडाची कामठी घ्या. माती सावलीत वाळवा आणि प्रत्येक थराची अर्धा किलो स्वच्छ कापडी पिशवीत भरा. खताची जुनी गोणी चालणार नाही.

अहवाल आला की सामू, विद्राव्य क्षार आणि मुक्त चुना हे तीन आकडे आधी पाहा. सामू ८.५ च्या वर असेल तर जमीन चोपण असण्याचा संभव आहे. तिथे जिप्सम व निचरा यांचा विचार करावा. मुक्त चुना १० टक्क्यांच्या वर असेल तर त्या जागी नवी लागवड करूच नये.

उपाय, क्रमाने

पहिले पाणी. दुहेरी आळे करा. खोडाभोवती मातीचा उंचवटा ठेवून आतले आळे कोरडे राहू द्या आणि पाणी बाहेरच्या आळ्यात द्या. ठिबकच्या तोट्या खोडापासून दूर सरकवा. कलमाचा डोळा मातीत गाडला गेला असेल तर माती काढा. तो जमिनीपासून वीतभर वर हवा. सखल भागात उताराला धरून चर काढा. डिंक्या असेल तर रोगट साल खरवडून तिथे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी या प्रमाणात केलेली बोर्डो मलम लावा. ती लोखंडी भांड्यात करू नये.

दुसरी माती. इथे एक हिशेब सांगतो. एकरभर जमिनीचा वरचा अर्ध्या फुटाचा थर सुमारे ९०० टन भरतो. त्यात १० टक्के चुना म्हणजे ९० टन चुना. तो पूर्ण मोडायला जवळजवळ २९ टन गंधक लागेल. म्हणून चार पिशव्या गंधक टाकून जमिनीचा चुना काढतो म्हणणाऱ्यावर विसंबू नका. चुनखडीशी लढण्यापेक्षा तिच्याबरोबर नांदायला शिका. चांगले कुजलेले शेणखत द्या, मधल्या पट्ट्यात ताग किंवा धैंचा घेऊन गाडा आणि नत्रासाठी युरियाऐवजी अमोनियम सल्फेट वापरा. नुसते हिराकस मातीत टाकले तर त्याचा गंज होऊन बसतो, म्हणून ते शेणखतात मुरवून द्या. चिलेट घ्यायचे तर पाकिटावरचे नाव वाचा. ईडीटीए प्रकारचे लोह चढ्या सामूत टिकत नाही, ईडीडीएचए प्रकारचे टिकते.

तिसरी फवारणी. आधी एका झाडाचा पिवळा शेंडा निवडून हिराकसाच्या द्रावणात बुडवा. एक लिटर पाण्याला ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व पुरे. त्या शेंड्याला दोरा बांधून ठेवा. आठ-दहा दिवसांत ती पाने हिरवी होऊ लागली तर लोहाचे निदान पक्के झाले. मगच नवतीवर, उन्हे उतरल्यावर त्याच प्रमाणात फवारा. जस्तासाठी १०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५० ग्रॅम विरवलेला चुना गाळून घ्या व ही फवारणी वेगळी करा.

हा क्रम उलटा करू नका. मुळे कुजलेली असताना खत दिले तर उरलेली मुळीही जाते. पाणी सुधारल्यावर पुढच्या नवतीची वाट पाहा. जुने पिवळे पान पुन्हा हिरवे होईलच असे नाही. बाग सुधारली की नाही, ते नव्या पानावरून ठरवायचे.

आणि ज्यांची लागवड अजून व्हायची आहे, त्यांनी कलमे सांगण्याआधी तीन फूट खड्डा घेऊन माती पाहावी. खाली चुनखडीचा थर किंवा पाणी न सोडणारी चिकण लागली तर तिथे दुसरे पीक घ्यावे. जमीन मध्यम असेल, तर रोपवाटिकेत रंगपूर लिंबाच्या खुंटावरची कलमे मागावीत, जंबेरीपेक्षा ती असा त्रास थोडा जास्त सोसतात. मातीपरीक्षेला जाणारे पंधरा दिवस म्हणजे उशीर नव्हे. त्या पंधरा दिवसांवर घराची पुढची पाच वर्षे अवलंबून असतात.