विमानाचे शेपूट आणि मुंबईची टॅक्सी

रस्त्याच्या कडेला एखादी जुनी मोटार उभी असली, की काही माणसे तिच्याभोवती जमतात. कोणी तिच्या पत्र्यावरून हलकेच हात फिरवतो. कोणी वाकून तिचे दिवे पाहतो. वेगाच्या बाबतीत ही मोटार आजच्या मोटारींच्या मागे असते. मग हे शौकीन लोक तिच्यात एवढे काय पाहतात?

चला, त्यांच्या नजरेने एक मोटार पाहू या. ही मोटार कोणा राजाची किंवा नवाबाची नाही. ती आहे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी, प्रीमियर पद्मिनी.

जाणकार मनुष्य मोटारीसमोर लगेच उभा राहत नाही. तो आधी थोडा दूर जातो आणि तिला बाजूने पाहतो. चाके केवढी आहेत, छत किती उंच आहे, पुढचा भाग व मागचा भाग एकमेकांना शोभतात का, हे तो पाहतो. यालाच प्रमाण म्हणतात. प्रमाण चुकले तर कितीही चकचकीत रंग दिला, तरी मोटार बेढब दिसते.

मग तो जवळ येतो आणि पत्र्यावरचे उठाव पाहतो. हे उठाव केवळ शोभेसाठी असतात का? एक छोटासा प्रयोग करा. कागदाचा एक कोपरा चिमटीत धरून कागद आडवा ठेवा. तो लगेच खाली वाकेल. आता त्याच कागदाला मधोमध एक लांब घडी घाला आणि पुन्हा धरा. तो ताठ राहील. पत्र्याचेही तसेच आहे. सपाट पत्रा थरथरतो. त्याला उठाव दिला, की तो मजबूत होतो. त्याच उठावावर उजेड पडतो आणि एक सुंदर रेघ दिसते. म्हणजे एकच रेघ दोन कामे करते.

आता मोटारीच्या मागे या. दिव्यांच्या वर, दोन्ही बाजूंना, पत्रा किंचित उंच होऊन मागे निघालेला दिसतो. हे काय आहे? ही आहे विमानाच्या शेपटाची आठवण! ती मुंबईच्या टॅक्सीवर कशी आली, याची गोष्ट मोठी मजेदार आहे.

सुरुवातीच्या मोटारी घोडागाडीसारख्या दिसत. अमेरिकेत १९०८ साली आलेली फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ मोटार तर १९१४ ते १९२५ पर्यंत फक्त काळ्या रंगातच मिळे. मोटार चालली म्हणजे झाले, असा तो काळ होता. पुढे १९२७ साली जनरल मोटर्स या कंपनीने मोटारींच्या रूपाचा विचार करण्यासाठी वेगळा विभागच उघडला. हार्ली अर्ल हे त्याचे प्रमुख होते. त्यांचे कारागीर मातीची पूर्ण आकाराची मोटार घडवत. माती खरवडता येते, पुन्हा लावता येते. मनासारखा आकार मिळाला, की मगच तो पत्र्यात उतरवत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पी-३८ लाइटनिंग’ हे लढाऊ विमान पाहिले. या विमानाला दोन शेपटे होती. ते रूप त्यांच्या मनात बसले. १९४८ च्या कॅडिलॅक मोटारीच्या मागे त्यांनी दोन छोटे पंख दिले. डाव्या पंखावरचा दिवा वर उचलला, की त्याखाली पेट्रोल भरण्याचे तोंड असे. किती हुशारीने लपवले होते पाहा!

लोकांना हे पंख आवडले. मग कंपन्यांमध्ये चढाओढ लागली. दरवर्षी पंख वाढत गेले. १९५९ च्या कॅडिलॅकवर ते सर्वांत उंच झाले. विमान सरळ उडावे म्हणून त्याला उभे शेपूट लागते. रस्त्यावरच्या मोटारीला त्याची काय गरज? लोकांना या थाटाचा कंटाळा आला आणि काही वर्षांतच पंख नाहीसे झाले.

पण तोपर्यंत ही फॅशन युरोपात पोहोचली होती. इटलीच्या फियाट कंपनीने आपल्या छोट्या ‘११००’ मोटारीला हे पंख दिले, पण अगदी माफक. हीच मोटार मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर कंपनीत तयार होऊ लागली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ही कंपनी स्थापन केली होती. १९७४ पासून मोटारीला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. इटलीत १९६६ सालीच तिच्या जागी पुढचे मॉडेल आले. आपल्याकडे मात्र ती २००० सालाच्या सुमारापर्यंत तयार होत राहिली. जगात फॅशन सरली, पण मुंबईत ती रेघ टिकून राहिली.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदवली गेली. टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा होती, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचाही निरोप घेण्यात आला. एके काळी या टॅक्सी हजारोंनी होत्या. आज त्यांतील बहुतेक भंगारात गेल्या आहेत.

असे का झाले? राजाची मोटार एकच असते, म्हणून ती जपली जाते. रोजची वस्तू मात्र चहूकडे दिसते, म्हणून तिच्याकडे कोणी नीट पाहत नाही आणि ती जपावी असे कोणाला वाटत नाही. भारत सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद मिळते. पण पन्नास वर्षे टिकण्यासाठी कोणीतरी तिला आधी जपावे लागते ना?

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा मोहल्ल्यात कोणी पद्मिनी टॅक्सी चालवली असेल, तर त्यांच्याजवळ बसा. तिचा गिअरचा दांडा कोठे होता, हे विचारा. ते हसून हवेतच हात उचलतील आणि स्टिअरिंगच्या बाजूला नेऊन दाखवतील. मग एक कागद घ्या आणि त्यांच्याकडून ऐकून त्या मोटारीचे चित्र काढा. मागचे दोन छोटे पंख मात्र विसरू नका!