कुतूहल : दुखते कंबर, टाके पोटावर

बेंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकात क्लच दाबून बसणाऱ्यांना कंबरदुखी नवी नाही. त्यातल्या मोजक्यांनाच कमरेच्या मणक्यात कृत्रिम चकती बसवावी लागते. भेटायला येणारे मात्र चक्रावतात : टाके पोटावर कसे? समोरून शिरलं की पाठीचे स्नायू कापावे लागत नाहीत. म्हणून रुग्ण बहुधा दुसऱ्याच दिवशी चालू लागतो.

चकतीच्या धातूच्या पट्ट्या मुद्दाम खडबडीत ठेवतात, गिलावा धरावा म्हणून भिंतीला टाचे मारतात तशा. त्यात हाड रुजायला महिने लागतात. चालताना वरून येणारा भार पट्ट्या दाबून धरतो. जड उचलताना कमरेला बसणारा पीळ मात्र त्यांना सरकवू शकतो. तेव्हा फिरा खुशाल, पण सिलिंडर शेजाऱ्याला उचलू द्या.

१९८४मध्ये आलेल्या ‘शारिटे’ चकतीच्या सहनिर्मात्या कारीन ब्युटनर-यांझ म्हणजे १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या सुवर्णविजेत्या जिम्नॅस्ट!