वीस टक्क्यांची यादी

गेल्या वर्षी पुण्याजवळ वाकडच्या पुढच्या एका गृहसंकुलात मी वास्तुशांतीला गेले होते. पुढच्या रस्त्यावर मोठं प्रवेशद्वार, आत कारंजं, पोहण्याचा तलाव आणि वीस-बावीस मजल्यांच्या चार इमारती. पाचवी जरा बुटकी, मागच्या कुंपणाला लागून. तिचं गेट वेगळं, मागच्या गल्लीत उघडणारं. त्या पाचव्या इमारतीत माझ्या भाचीच्या मैत्रिणीचं घर आहे. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, नवरा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहे. घर छोटं आहे: एक खोली, एक हॉल, ओटा आणि कपडे वाळत घालण्यापुरती बाल्कनी. म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, सोडतीत लागलेलं. सासूबाईंनी देकार पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवघरात गणपतीशेजारी ठेवलं होतं. प्रसादाची वाटी माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "हे बिल्डरनं दिलं का सरकारनं, ते काही मला अजून कळलेलं नाही. पण लागलं बाई."

त्यांचा प्रश्न मनात घोळत राहिला, कारण त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. बिल्डरकडून गरिबांसाठी घरं घ्यायची, हा विचार महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास वर्षं वेगवेगळ्या रूपांत येतो आहे.

पहिलं रूप १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचं. मुंबईत ५०० चौरस मीटर, पुण्यात १००० चौरस मीटर, याहून जास्त मोकळी जमीन कुणी धरायची नाही, जादा जमीन सरकारकडे यावी, असा तो कायदा होता. पण त्याच्या २० व्या कलमात सरकारला सूट देण्याचा अधिकार होता. ही सूट घेऊन इमारती उभ्या राहिल्या, आणि सूट देताना शासनानं अट घातली की काही टक्के सदनिका ठरवून दिलेल्या स्वस्त दरानं सरकारला द्यायच्या. हाच पुढे 'मुख्यमंत्री कोटा' म्हणून ओळखला गेला. हेतू वाईट नव्हता. पण ही घरं कुणाला द्यायची ते मंत्रालयात ठरायचं, आणि त्याची यादी बाहेर येत नसे. लोकप्रतिनिधी आणि वजनदार माणसं यांना घरं गेल्याची, एकाच कुटुंबाला दोन-दोन मिळाल्याची प्रकरणं उच्च न्यायालयापर्यंत गेली. केंद्रानं हा कायदा १९९९ मध्ये मागे घेतला, महाराष्ट्रानं २००७ मध्ये. लॅबमध्ये काम करणाऱ्या मुलीपर्यंत त्या कोट्यातलं घर पोचल्याचं निदान माझ्या ऐकण्यात नाही.

दुसरं रूप गिरण्यांच्या जमिनीचं. १९८२ च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या मुंबईतल्या गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमानं तिचे तीन भाग ठरवले: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियमात बदल झाला आणि ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. शेड उभी असलेली जमीन हिशेबातून सुटली, म्हणजे वाटणीला येणारी जमीन चिंचोळी झाली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल ग्राह्य धरला. गिरणी कामगारांसाठी म्हाडाची पहिली सोडत २०१२ साली निघाली, ६,९२५ घरांची. संपाला तेव्हा तीस वर्षं झाली होती. नियमातल्या एका शब्दावर किती घरं अवलंबून असतात, हे गिरणगावाइतकं स्पष्ट कुठे दिसत नाही.

झोपडपट्टी पुनर्वसनाची १९९५ पासूनची योजना याच घराण्यातली, पण तिचा लाभ त्या झोपडपट्टीत आधीपासून राहणाऱ्यांना. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या ड्रायव्हरला तिथे दार नाही.

त्याच्यासाठीचं दार नोव्हेंबर २०१३ मध्ये उघडलं. दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकांच्या हद्दीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर गृहप्रकल्प करायचा असेल, तर वीस टक्के भाग दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवायचा, ३० ते ५० चौरस मीटरच्या घरांच्या रूपात. सरकारी भाषेत याला 'सर्वसमावेशक गृहनिर्माण' म्हणतात, लोकांच्या तोंडी मात्र 'वीस टक्क्यांची स्कीम'. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित नियमावली आली, तिच्यातही हा नियम कायम राहिला. घर बिल्डर बांधतो, लाभार्थी म्हाडा सोडतीनं निवडते, आणि किंमत शासनाच्या दरपत्रकातल्या बांधकाम खर्चावर बेतली जाते, बाजारभावावर नाही. पुण्यासारख्या शहरात सहा लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेलं कुटुंब अत्यल्प गटात येतं, नऊ लाखांपर्यंतचं अल्प गटात.

मग पैसे कुणाच्या खिशातून जातात? बिल्डर सांगतात, उरलेल्या ऐंशी टक्के ग्राहकांच्या. मला ते पटत नाही. उरलेल्या घरांना बाजार देईल तेवढा भाव ते नियम नसतानाही लावतातच. नियम आला म्हणून गिऱ्हाईक जास्त पैसे मोजायला तयार होत नाही. वीस टक्के द्यावे लागणार हे आधीच ठाऊक असलेला बिल्डर जमीन घेतानाच भाव पाडून मागतो. म्हणजे बोजा मुख्यतः जमिनीच्या किमतीवर जातो. आणि शहराकडेच्या जमिनीचा भाव चढतो तो कशानं? रस्ता, पाणी, मेट्रो, शेजारच्या कंपन्या यांनी. ती वाढ मालकानं कमावलेली नसते. तिच्यातला थोडा भाग ज्यांच्या कष्टावर शहर चालतं त्यांच्या घरासाठी घेणं यात मला काहीही अन्याय दिसत नाही. नियम येण्याआधी चढ्या भावानं जमीन घेतलेल्यांना झळ बसली, हे खरं आहे. पण २०१३ नंतर व्यवहार केलेल्यांना तसं म्हणता येणार नाही.

नियम इतका सरळ असूनही घरं फार थोडी आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये म्हाडाच्या कोकण मंडळानं ५,२८५ घरांची सोडत काढली. अर्ज दीड लाखाच्या पुढे गेले. त्या ५,२८५ पैकी वीस टक्क्यांच्या योजनेतली घरं किती? ५६५. त्याच वर्षी फेब्रुवारीतल्या सोडतीत ५९४ होती, आणि लोकांचा सगळा ओढा तिकडेच होता. या मंडळाच्या हद्दीतल्या ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, वसई-विरार या चारही महापालिका २०११ च्या जनगणनेतच दहा लाखांपुढे होत्या. बारा वर्षांत या पट्ट्यात केवढाल्या टाउनशिप उभ्या राहिल्या, ते लोकलच्या खिडकीतूनसुद्धा दिसतं. तिथून एका सोडतीला पाच-सहाशे घरं येतात, हा आकडा मला अस्वस्थ करतो.

गळती कुठे होते, ते नाशिकनं दाखवलं. २०२२ च्या सुरुवातीला तेव्हाचे गृहनिर्माणमंत्री जितेंद्र आव्हाड यांनी उघड आरोप केला की नाशिकमध्ये वीस टक्क्यांतली हजारो घरं म्हाडाकडे पोचलीच नाहीत. ४,००० चौरस मीटरच्या आत बसावं म्हणून जमिनीचे कागदोपत्री तुकडे पाडल्याच्या तक्रारी आल्या. प्रकरण विधान परिषदेत गाजलं आणि महापालिका आयुक्तांची बदली झाली. मूळ अडचण अशी आहे की नकाशे मंजूर करते महापालिका आणि घरं वाटते म्हाडा. महापालिकेनं कळवलं नाही, तर म्हाडाला अशी घरं आहेत हेच ठाऊक होत नाही. कोट्याच्या काळात यादी मंत्रालयात होती, आता ती नगररचना विभागाच्या फायलीत आहे. जागा बदलली, पण लोकांसमोर यादी अजून आलेली नाही.

या बाबतीत एका दूरच्या ठिकाणाचा अनुभव सांगण्याजोगा आहे. वॉशिंग्टनला लागून असलेल्या मेरीलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीनं १९७४ पासून असाच नियम लावला: पन्नास किंवा जास्त घरांचा प्रकल्प असेल, तर पंधरा टक्के घरं मध्यम-अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना. अमेरिकेतल्या अशा नियमांमध्ये तो सर्वांत जुन्यांपैकी एक. त्यांनी सुरुवातीला किमतीवरचं बंधन पाच वर्षांचं ठेवलं. पाच वर्षं झाली की मालक घर बाजारभावानं विकत आणि गरिबांसाठीचं एक घर कायमचं कमी होई. १९८१ मध्ये त्यांनी मुदत दहा वर्षं केली आणि २००५ मध्ये विक्रीच्या घरांसाठी तीस, भाड्याच्या घरांसाठी नव्व्याण्णव. आपल्याकडे म्हाडाचं घर आजही पाच वर्षांनी विकता येतं. त्या मैत्रिणीच्या इमारतीतली घरं पाच वर्षांनी कोण घेईल? सहा लाखांत वर्ष काढणारं कुटुंब नक्कीच नाही. विकण्याचा हक्क राहू द्या, पण विकताना किंमत बांधलेली असावी आणि घेणारा म्हाडाच्या यादीतलाच असावा.

आणि ते मागचं गेट. तिचा सहा वर्षांचा मुलगा मला बाल्कनीतून तलाव दाखवत होता. "आपल्याला तिथे जायचं नसतं," असं त्यानं अगदी सहज सांगितलं. 'सर्वसमावेशक' हा शब्द नियमात लिहिताना हे अपेक्षित नव्हतं. मेंटेनन्स किती घ्यायचा, सामायिक जागांवर कुणाचा किती हक्क, हे नकाशा मंजूर करतानाच लिहून घेतलं पाहिजे. ताबा मिळाल्यावर सोसायटीच्या सभेत ते सुटत नाही.

२०२५ मध्ये हा नियम महापालिकांच्या पलीकडे, महानगर प्रदेश विकास प्राधिकरणांच्या हद्दीतही नेण्याचा निर्णय झाला. शहरं आता तिकडेच पसरताहेत, म्हणून हे पाऊल योग्य आहे. पण यादी बंद राहिली, तर मोठ्या हद्दीत गळतीही मोठी होईल.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमची महापालिका दहा लाखांवरची असेल, तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून एक अर्ज करा. नोव्हेंबर २०१३ पासून ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या किती गृहप्रकल्पांचे नकाशे मंजूर झाले, त्यांत वीस टक्क्यांची किती घरं देणं होती, आणि त्यांतली किती म्हाडाला कळवली, एवढंच विचारा. उत्तर आलं की तिन्ही आकडे वॉर्डातल्या वाचनालयाच्या फलकावर लावा.