ओढा वाट दाखवतो का?

पावसाळा संपता संपता आम्ही नववीच्या मुलांना घेऊन बारी गावाकडून कळसूबाई चढलो. महाराष्ट्रातले हे सर्वांत उंच शिखर, उंची १६४६ मीटर. उतरताना धुके दाटले आणि वाट दिसेनाशी झाली. शेजारी ओढा खळाळत होता. एक मुलगा म्हणाला, "सर, पाणी खालीच जाणार. ओढ्याच्या कडेने गेलो तर गाव लागेलच की!" तर्क बिनतोड वाटत होता. तरीही आम्ही सर्वांना जागीच बसवले. का बरे?

याचे उत्तर चढतानाच मुलांच्या पायांना कळले होते. चढ सारखा नव्हता. थोडी सपाटी, मग उभा कडा, पुन्हा सपाटी. कड्यांवर तर लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. सह्याद्रीचा हा भाग लाव्हारसाच्या थरांनी बनला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि थरावर थर साचले. थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून खडक सच्छिद्र होतो. तो लवकर झिजतो, तेथे उतार आणि माती तयार होते. त्याखालचा खडक घट्ट असतो. थंड होताना तो आकसतो, त्याला उभ्या भेगा पडतात. या भेगांशी चिरे निखळून पडतात आणि कडा उभाच राहतो. या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, ते जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून.

ओढाही हाच जिना उतरतो. सपाटीवर तो संथ वाहतो आणि पायरीच्या काठावर त्याचा धबधबा होतो. पाण्याला उडी घेता येते, आपल्याला नाही. गावकऱ्यांची पायवाट मात्र सपाटीवरून आडवी जाते आणि कडा जेथे ढासळला असेल तेथून उतरते. म्हणून वाट चुकली तर ओढ्यामागे जाऊ नये. थांबावे, किंवा आल्या वाटेने शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत परतावे.

अर्ध्या तासाने धुके विरळ झाले. तोच ओढा पन्नासेक पावलांवर कड्यावरून खाली कोसळत होता. तर्क मांडणारा मुलगा बराच वेळ तिकडे पाहत राहिला.

सहलीला जाण्यापूर्वी त्या भागाचा समोच्चरेषांचा नकाशा वर्गात जरूर उघडावा. मुलांना एखाद्या ओढ्यावरून पेन्सिल फिरवायला सांगावे. समोच्चरेषा जेथे एकमेकींना चिकटतील, तेथे पेन्सिल थांबवून विचारावे, "आता पुढे कसे जाल?"