लहान संगणकाचा कूलर कसा निवडावा

आमच्या नागपुरांत ‘कूलर’ हा शब्द उच्चारला कीं, खिडकीला लावलेली पत्र्याची मोठी पेटी, तिच्या तिन्ही बाजूंस वाळ्याच्या ताट्या आणि त्यांवरून झिरपणारें पाणी, एवढेंच चित्र डोळ्यांसमोर उभें राहतें. आज मी ज्या कूलरविषयीं बोलणार आहें, तो तळहातावर मावतो. संगणकाच्या पेटींत प्रोसेसर नांवाचा जो चौकोनी तुकडा असतो, त्यावर हा कूलर बसवितात. आणि त्या तुकड्यांत उत्पन्न होणारी उष्णता काढून घेऊन ती हवेच्या स्वाधीन करणें, एवढेंच त्याचें काम. मी पेशानें शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. तेव्हां अभियंत्याच्या अधिकारानें मी बोलत नाहीं. एका चुकीमुळें मला हा विषय शिकावा लागला, आणि तीच चूक आपणांपैकीं कोणाकडून होऊं नये म्हणून हें भाषण.

माझी धाकटी कन्या वास्तुशास्त्राच्या शेवटच्या वर्षास आहे. इमारतींचीं चित्रें संगणकाकडून रंगवून घेण्याचें तिचें काम रात्रीं चालतें. आमचें घर दोन खोल्यांचें. शिवाय संगणक पिशवींत घालून कॉलेजांत न्यावा लागतो. म्हणून तिनें अगदीं लहान पेटी पसंत केली. अशा पेटींतील मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स जातीचा, म्हणजे १७० मिलिमीटर लांब व तितकाच रुंद असतो. कूलर आणण्याचें काम तिनें माझ्यावर सोंपविलें. मीं पट्टी घेऊन मदरबोर्डापासून पेटीच्या झांकणापर्यंतचें अंतर मोजलें. तें ५५ मिलिमीटर भरलें. बाजारांत ५३ मिलिमीटर उंचीचा कूलर मिळाला. दोन मिलिमीटर शिल्लक राहतील, या समाधानांत मी तो घेऊन आलों. कूलर बसविला, पण झांकण कांहीं केल्या लागेना!

कन्येनें विचारलें, “बाबा, तुम्हीं पट्टी कोठून लावलीत?”

चूक तेथेंच होती. कूलरची उंची प्रोसेसरच्या माथ्यापासून मोजतात; आणि प्रोसेसर आपल्या बैठकीसह मदरबोर्डाच्या वर सात-आठ मिलिमीटर उभा असतो. म्हणजे माझ्या पंचावन्नांतून आधींच सात वजा झाले होते. आयुष्यभर मुलांना वजाबाकी शिकविलेल्या माणसाची ही वजाबाकी चुकली.

म्हणून पहिला नियम हा कीं, खरेदीपूर्वीं पेटीच्या कर्त्यानें दिलेली कूलरच्या उंचीची मर्यादा पाहावी, आणि स्वतः मोजावयाचें तर प्रोसेसरच्या माथ्यापासून मोजावें. ही मर्यादा पेटीगणिक फार भिन्न असते. डॅन ए४-एसएफएक्स या सुमारें ७ लिटर आकारमानाच्या पेटींत ४८ मिलिमीटरपर्यंतचाच कूलर बसतो. फ्रॅक्टल टेरा या पेटींतील मधली भिंत सरकवितां येते. त्यामुळें ग्राफिक्स कार्डाची जागा कमी करून कूलरला ४८ पासून ७७ मिलिमीटरपर्यंत जागा देतां येते. कूलर मास्टरची एनआर२०० ही पेटी सुमारें १८ लिटरची; तींत १५५ मिलिमीटरचा उभा कूलरहि मावतो. कूलरांकडे पाहिलें, तर नॉक्टुआच्या एनएच-एल९ मालिकेंतील सर्वांत ठेंगणा कूलर पंख्यासह ३७ मिलिमीटर उंच, थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७ हा ४७, आणि नॉक्टुआचा एनएच-एल१२एस हा ७० मिलिमीटर उंच आहे. पहिल्या दोहोंवर ९२ मिलिमीटरचा पंखा असतो, तिसऱ्यावर १२० मिलिमीटरचा. पंख्याचें क्षेत्र व्यासाच्या वर्गाप्रमाणें वाढत असल्यामुळें मोठा पंखा लहानाच्या दीडपटीहून अधिक हवेवर हात फिरवितो. अर्थात् पेटी निवडतांना दहा-वीस मिलिमीटरांची उदारता दाखविली, तर पुढें पुष्कळ सुख लागतें.

उंचीबरोबर आणखी दोन गोष्टी पाहाव्या. रॅमच्या पट्ट्यांवर शोभेचे उंच पत्रे असतील, तर आडव्या कूलरची कड त्यांवर टेकते. म्हणून ठेंगण्या पट्ट्या घ्याव्या. दुसरें असें कीं, प्रोसेसरच्या बैठकी निरनिराळ्या असतात. एएमडीची एएम५ आणि इंटेलची एलजीए १७०० या बैठकींचीं भोकें जुळत नाहींत. आपल्या बैठकीचे पाय कूलरसोबत आहेत कीं नाहींत, हें दुकानांतच पाहून घ्यावें.

आतां हा कूलर काम कसें करतो तें सांगतों. प्रोसेसरला टेकणारा त्याचा तळ तांब्याचा असतो. कारण नेहमींच्या धातूंत चांदी सोडली तर तांब्याइतकी उष्णता वाहून नेणारा धातु नाहीं. दोन पृष्ठांमधील सूक्ष्म खळगे भरण्यासाठीं वाटाण्याच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट लावतात. तळांतून दोन किंवा चार वांकविलेल्या नळ्या निघून पातळ पत्र्यांच्या जुडग्यांत शिरतात. या नळ्या भरीव नसतात. आंतील हवा काढून त्यांत थोडेंसें पाणी घातलेलें असतें. तापलेल्या टोंकाशीं पाण्याची वाफ होते. ती थंड टोंकाकडे धांवते, तेथें पुन्हां पाणी होऊन उष्णता पत्र्यांना देते. आणि तें पाणी नळीच्या सच्छिद्र अस्तरांतून मूळ जागीं परत येतें. आपल्या वाळ्याच्या ताटींतहि पाणी वाफ होतांना उष्णता घेतें. फरक एवढाच कीं, तेथें बादल्या ओताव्या लागतात आणि येथें तेंच चार थेंब पाणी वर्षानुवर्षें फिरत राहतें. या युक्तीचें पेटंट जनरल मोटर्समधील रिचर्ड गॉगलर यांस १९४४ सालीं मिळालें. अमेरिकेंतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेंत जॉर्ज ग्रोव्हर यांनीं १९६३ सालीं ती नव्यानें सिद्ध केली, आणि तेव्हांपासून तिचा प्रसार झाला.

मात्र येथवर उष्णता केवळ स्थलांतरित झाली. नाहींशी झाली नाहीं. ती अखेर हवेनेंच बाहेर न्यावयाची. किती हवा लागेल, याचें गणित सोपें आहे. एक घनमीटर हवा एक अंशानें तापविण्यास सुमारें १,२०० जूल लागतात. प्रोसेसर ८८ वॅट उष्णता देत असेल आणि हवा दहा अंशांनीं तापून बाहेर जावी अशी योजना असेल, तर दर सेकंदास सुमारें ७ लिटर हवा पाहिजे. ज्या पेटीचें आकारमानच ७ लिटर, तिच्यांत जणूं दर सेकंदास पेटीभर नवी हवा आली पाहिजे, आणि तीहि केवळ प्रोसेसरसाठीं! म्हणून कूलरचा पंखा झांकणाच्या जाळीसमोर असावा, जाळी भिंतीला किंवा पुस्तकांना चिकटलेली नसावी, आणि पंखा व जाळी यांत मोठें अंतर राहत असेल तर तेथें फोमचें कडें बसवावें. नाहींतर पेटींतील तापलेली हवाच फिरून फिरून पंख्यांत शिरते.

आतां दुसरा नियम. प्रोसेसरच्या खोक्यावर जे वॅट छापलेले असतात, तेवढ्यावर विश्वासून कूलर घेऊं नये. एएमडीच्या एएम५ बैठकीच्या ज्या प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेले असतात, तो जोराच्या कामांत ८८ वॅटपर्यंत वीज घेऊं शकतो. १०५ वॅट लिहिलेला १४२ पर्यंत जातो. इंटेलच्या कोअर आय५-१३४०० वर मूळ आकडा ६५ वॅटांचा आहे, परंतु त्याची वरची मर्यादा १४८ वॅट आहे. कूलरला खोक्यावरचा आकडा कळत नाहीं. त्याला प्रत्यक्ष उष्णता तेवढी कळते.

तिसरा नियम आपल्या देशाकरितां विशेष महत्त्वाचा आहे. कूलरांच्या परीक्षा बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या खोलींत घेतलेल्या असतात. मे महिन्यांत नागपुरास बाहेर चाळिसाच्या वर तपमान असतें, आणि घरांतहि पस्तीस अंश सहज भरतात. कूलर खोलीच्या हवेहून थंड कांहींच करूं शकत नाहीं. तो केवळ फरक मर्यादित ठेवतो. समजा, एखादा लहान कूलर ८८ वॅटांना प्रोसेसरचें तपमान खोलीपेक्षां ५५ अंशांनीं वर ठेवतो. पंचविसांच्या खोलींत तें ८० होईल, पस्तिसांच्या खोलींत ९०. आतां त्याच कूलरवर १४२ वॅट टाका. फरक साधारण त्याच प्रमाणांत वाढून ८९ अंश होईल, आणि पस्तिसांत मिळविल्यास १२४! या जातीच्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ अंशांची. मग प्रोसेसर जळतो काय? नाहीं. तो आपला वेग स्वतःच कमी करून मर्यादेशीं अडून राहतो, आणि पंखा मात्र सर्व शक्तीनिशीं ओरडत राहतो.

आमच्या घरीं हेंच झालें. पहिला कूलर बाजूस ठेवून आम्हीं ४७ मिलिमीटरचा दुसरा आणला, झांकण लागलें. परंतु कन्येचा प्रोसेसर रायझन ७ ७७००एक्स, म्हणजे १४२ वॅटांपर्यंत जाणारा. रात्रीं चित्र रंगवावयास लावलें कीं, तपमान ९५ वर जाऊन बसे आणि पंख्याची किंकाळी दोन्ही खोल्यांत ऐकूं येई. माझ्या पत्नीची झोप गेल्या वर्षींच्या दुखण्यापासून फार हलकी झाली आहे. तीन रात्री ती अंथरुणावर उठून बसली. तक्रार मात्र केली नाहीं. चौथ्या रात्रीं कन्येनें आपण होऊन काम थांबविलें. तिची परीक्षा तोंडावर आणि आईची झोप अशी. यांतून कोणास निवडावें, हा प्रश्न बापापुढें उभा राहिला.

उत्तर कूलरच्या दुकानांत नव्हतें. तें संगणकाच्या बायॉसमध्यें होतें. प्रोसेसरनें जास्तीत जास्त किती वॅट घ्यावे, हें तेथें ठरवितां येतें. एएमडीनें त्यास इको मोड असें नांव दिलें आहे. प्रथम आम्हीं मर्यादा ८८ वॅट ठेवली. जें चित्र ४० मिनिटांत होत असे, तें ४२ मिनिटांत झालें. मग रात्रीपुरती ती ६५ वॅट केली. तेंच चित्र ४६ मिनिटांत झालें. वीज निम्म्याहून कमी, आणि वेळ अवघा सहा मिनिटें अधिक! याचें कारण असें कीं, वेग शेवटचा थोडासा वाढविण्यासाठीं प्रोसेसरला विजेचा दाबहि वाढवावा लागतो, आणि विजेचा खर्च दाबाच्या वर्गाप्रमाणें वाढतो. शेवटचे पन्नास-साठ वॅट काम थोडें करतात, उष्णता फार करतात.

उष्णता घटल्यामुळें पंख्याचा वेगहि निम्म्यावर आणतां आला. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा साधारण दुप्पट मिळते, परंतु आवाज सुमारें १५ डेसिबलनें वाढतो. आणि १० डेसिबलची वाढ आपल्या कानांस दुप्पट आवाजासारखी वाटते. उलट दिशेनें गेलें कीं हाच हिशेब आपल्या उपयोगीं पडतो. त्या रात्रीं तपमान ऐंशीच्या थोडें वर राहिलें, चित्र पूर्ण झालें, आणि सकाळीं पत्नीनें विचारलें, “रात्रीं यंत्र बंद होतें वाटतें?”

तेव्हां श्रोतेहो, क्रम असा ठेवावा. आधीं पेटी किती उंचीचा कूलर घेते तें नीट मोजावें. त्या उंचींत बसणारा, जास्त नळ्यांचा व शक्य तेवढ्या मोठ्या पंख्याचा कूलर निवडावा. मग आपल्या गांवच्या उन्हाळ्यांत तो किती वॅट पेलेल याचा हिशेब करावा, आणि प्रोसेसरला तेवढीच वीज द्यावी. नवा प्रोसेसर घ्यावयाचा असेल, तर मुळांतच ६५ वॅटांच्या वर्गांतील घ्यावा; लहान पेटीला तोच शोभतो. दोन महिन्यांनीं एकदां मऊ कुंचल्यानें पत्र्यांतील धूळ झाडावी. झाडतांना पंखा बोटानें धरून ठेवावा.

माझा तो ५३ मिलिमीटरचा कूलर अजून कपाटांत आहे. आपणांपैकीं कोणाच्या पेटींत तो बसत असेल तर आनंदच आहे. मात्र पट्टी प्रोसेसरच्या माथ्यापासून लावावी.