बोटीच्या मोटरला बटण की पिन?
नांदेडात गोदावरी फुगली किंवा ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात झालं तसं गावात पाणी शिरलं, की मोटर लावलेल्या रबरी बोटी लागतात. मोटरचा कोन बदलणारी व्यवस्था म्हणजे ट्रिम. मोटर बोटीकडे ओढली की बोटीचं नाक दबतं, बाहेर ढकलली की उठतं. बटणाच्या ट्रिममध्ये बॅटरीवरचा पंप तेलाच्या दाबाने हे करतो. लहान मोटरीत मोटर धरणाऱ्या ब्रॅकेटच्या भोकात बसवलेली पिन पुरते. माझा कौल पिनेला आहे. एप्रिल 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच्यासारख्या दुष्काळी मुलखात बोट दीर्घकाळ पडून राहते आणि आधी बॅटरीच मान टाकते. धावत्या बोटीत पिन हलवता येत नाही, हा आक्षेप खरा; पण बुडालेल्या गल्लीत वेग कमीच असतो, तिथे माणसं कुठे बसवली यावर तोल ठरतो. अवजड मोटर हाताने उचलवत नसेल तर मात्र बटणच घ्यावं. मग बॅटरी चार्ज ठेवणं, तेलाची पातळी बघणं, तेलाच्या दाबाने सरकणारे दांडे आत घेऊनच बोट ठेवणं आलं. गाळ मात्र दोन्हींना सारखाच छळतो, म्हणून पुरातून परतताच ब्रॅकेट स्वच्छ पाण्याने धुऊन सांध्यांना ग्रीस द्यावं.